नववं नाव

विमलताई गावंडे यांच्याबद्दल कुणी काही लिहावं, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. आणि लिहायचंच झालं तर मी लिहू नये, असं त्या नक्की म्हणतील. तरी लिहितो. गावात मी रोज सगळ्यांबद्दल बोलतो, आणि जे बोलायला हवं होतं ते एकच बोललो नाही.

मी मधुसूदन घाटे, नगरपंचायतीतून निवृत्त झालेला वरिष्ठ लिपिक. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बाभुळगाव आणि कळंबच्या मधे कुठेतरी आहे असं समजा. आधी ग्रामपंचायत होती, मग नगरपंचायत झाली. पाटी बदलली, नाल्या त्याच राहिल्या. निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला लागतात, मी बातम्यांना लागलो. रोज सकाळी सात वाजता गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा पाच मिनिटांचा आवाज जातो. आज कोणत्या प्रभागात नळ येणार, वीज किती वाजता जाणार, दाखल्यांचं शिबिर कुठे, कोण वारलं, कुत्री पकडणारी गाडी कधी येणार. कार्यालयाची सूचना म्हणजे पंधरा ओळींचं एक वाक्य असतं. त्याची फोड करून सांगणं मला जमतं, कारण त्यातली निम्मी वाक्यं तीस वर्षं मीच लिहिली आहेत.

लोकांना ते आवडलं. चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, नळावर मोबाइलचा आवाज मोठा करून ऐकू लागले. त्याचा एक परिणाम असा झाला की कार्यालयाबाहेरचा सूचना फलक वाचायला कुणी जाईना. मधुभाऊ सांगतीलच, मग उन्हात कशाला जायचं? मला याचा फार अभिमान वाटायचा. आज त्याच गोष्टीची लाज वाटते.

विमलताई माझ्या सर्वांत कडक श्रोत्या होत्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई, बांध्याने लहान, आवाजाने मोठी. नवरा भगवानराव जिनिंगमध्ये चौकीदार होता, नऊ वर्षांपूर्वी गेला. त्याच्या आधीपासून त्या शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. शाळेत शिकायला मात्र कधी गेल्या नाहीत. सही तेवढी करतात, तीसुद्धा मुलीने, अर्पिताने, बळेच शिकवली म्हणून. त्यांचा फोन साधा बटणांचा. त्यामुळे शेजारणीच्या मोबाइलवर माझी बातमी ऐकायच्या, पाठ करायच्या आणि शाळेच्या स्वयंपाकघरात बाकीच्या बायकांना जशीच्या तशी सांगायच्या. एकदा मी नळाची वेळ चुकीची सांगितली. नऊ वाजता बाई माझ्या दारात. "भाऊ, चार बायका रिकामे गुंड-घागरी घेऊन बसल्या ना तुमच्या भरवशावर! बोलायच्या आधी पुसत जा बरं."

प्रभाग सभेत एकदा मुख्याधिकारी पाणी शुद्ध असल्याचं सांगत होते, तर यांनी घरून आणलेली पिवळ्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. "घ्या साहेब, बोलून बोलून तुमचा घसा सुकला असन." साहेब पाणी प्यायले नाहीत, पण महिन्याभरात पाइपलाइन बदलली. मी ती बातमी तीन दिवस पुरवून पुरवून सांगितली होती.

अशा बाईला घरकुल मिळावं, हे गावात कुणीही म्हणालं असतं. घर म्हणजे मातीच्या दोन खोल्या, वर टिनं, मागची भिंत पोटातून फुगलेली. त्यांनी अर्ज केला होता. मार्च संपता संपता एका शुक्रवारी यादी लागली. एकेचाळीस पात्र, नऊ अपात्र. अपात्रांना हरकत घ्यायला सात दिवस, म्हणजे पुढच्या शुक्रवारी कार्यालय सुटेपर्यंत.

इथे माझी पद्धत सांगितली पाहिजे. चांगल्या यादीतली नावं मी ग्रुपवर वाचतो, वाईट यादीतली वाचत नाही. थकबाकी, नळजोडणी कापणं, अपात्र ठरणं, असल्या गोष्टीत माणसाचं नाव चारचौघांत, न्हाव्याच्या दुकानात घुमावं हे मला बरं वाटत नाही. आमच्याकडे माणूस नुकसान सोसतो, पण चारचौघांतली शोभा सोसत नाही. म्हणून असल्या बातम्या मी घरोघरी जाऊन, दोन मिनिटं बसून, हलक्या आवाजात सांगतो. लोक म्हणायचे, घाटेसाहेबांकडे माणुसकी आहे. मलाही ते खरं वाटायचं.

शनिवारी सकाळी मी एकेचाळीस नावं वाचली आणि बाकीच्यांना निरोप घरपोच मिळेल एवढंच सांगितलं, अपात्र हा शब्द काढला नाही. यादीची प्रत खिशात घालून निघालो. शनिवारी पाच घरं झाली, रविवारी सकाळी तीन. पूनमसिंगच्या घरी आधी शिव्या मिळाल्या, मग चहा मिळाला, आणि सोमवारी तो हरकतीचा अर्ज देऊनही आला. नववं नाव विमलताईंचं होतं. कारण अगदी किरकोळ होतं. जागा अजून भगवानरावांच्याच नावावर होती, वारस नोंद झालेली नव्हती. वारस नोंदीचा अर्ज टाकायचा, त्याची पोच हरकतीला जोडायची, झालं. मी सोबत गेलो असतो तर अर्ध्या तासाचं काम होतं.

रविवारी अकराच्या सुमारास त्यांच्या दारात पोचलो तर आत सतरंजी अंथरलेली, चार-पाच अनोळखी चपला. अर्पिताला पाहायला वणीचे पाहुणे आले होते. अर्पिता यवतमाळला नर्सिंग करते, त्यासाठीच दोन दिवस घरी आलेली. पाहुण्यांचा मुलगा अभिषेक कोळशाच्या खाणीत ऑपरेटर. त्याचे वडील वामनराव भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांची नजर आतल्या दारातून मागच्या त्या फुगलेल्या भिंतीवर होती. मी मागे फिरणार तोच विमलताईंनी पाहिलं.

"या या भाऊ! बरे वक्तावर आले. अर्पिता, भाऊले पोहे आण."

मी बसलो. वामनरावांनी घसा साफ केला. "बाकी सारं ठीक हाय विमलताई. पोरगी शिकलेली हाय, आमाले पसंत हाय. पण लग्न म्हटलं म्हणजे चार लोक येतात. घराचं काय करता?"

"घरकुल येऊन राह्यलं ना," विमलताई म्हणाल्या. "काल यादीतले लोक सांगतले भाऊनं. आमचा निरोप घरपोच हाय म्हणे. पुसा याईलेच. गावाची सारी बातमी याईच्याच तोंडून निघते. सांगा बरं भाऊ, होते ना आमचं घरकुल?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दारामागे अर्पिता पोह्यांची बशी घेऊन उभी होती. खिशात कागद होता, त्यावर नववं नाव होतं. मुलीच्या पाहण्यात आईला अपात्र म्हणायचं? 

"होऊन जाईल," मी म्हणालो.

कारकुनी भाषेत "होऊन जाईल"चा अर्थ काहीच होत नाही. खिडकीतून मी हजारो लोकांना तेच ऐकवलं होतं आणि त्यातल्या कुणीही ते खरं धरलं नव्हतं. पण विमलताईंनी ते सात वाजताच्या बातमीसारखं ऐकलं. वामनरावांनीही मान डोलावली. मी पोहे खाल्ले. वर आग्रह झाला म्हणून दुसरी बशीही खाल्ली.

आपण एकदा खोटं बोललो तर ते दुसऱ्या दिवशी सुधारता येतं, अशी माझी समजूत होती. सोमवारी पाहुणे राहिले असतील म्हणून गेलो नाही. मंगळवारी शाळेपर्यंत गेलो, पण स्वयंपाकघरात बाकीच्या बायका होत्या, परत आलो. बुधवारी सोयरीक जुळल्याचा निरोप आला, सोबत साखर. साखर खाल्ल्यावर लगेच कसं सांगायचं? गुरुवारी रजनीने, माझ्या बायकोने, विचारलं, "नऊ घरं म्हणाला होतात. आठच झाली ना?"

"नवव्याकडे पाहुणे होते."

"पाहुणे आज गुरुवारपर्यंत आहेत का?"

मी पेपर उघडला. रजनी शिक्षिका होती. उत्तर न देणारा विद्यार्थी तिला ओळखू येतो. ती तिथून उठली नाही.

शुक्रवारी कार्यालय सुटलं तेव्हा मी तिथून दोनशे पावलांवर, माझ्या ओट्यावर होतो. कुत्र्यांच्या नसबंदीची बातमी दुसऱ्या दिवसासाठी बोलून ठेवत होतो. तीनदा चुकलो, तीनदा पुन्हा बोललो. घड्याळ मला दिसत होतं. कुणी अडवलं नव्हतं, पाय दुखत नव्हते, पाऊस नव्हता. विसरलोही नव्हतो. निव्वळ भेकडपणा होता, त्याला दुसरं नाव नाही.

मुदत गेली आणि लाज दुप्पट झाली. आता फक्त अपात्र झालात एवढंच सांगून भागणार नव्हतं, मला आठ दिवस माहीत होतं हेही सांगावं लागणार होतं. म्हणून मी त्या गल्लीतून जाणंच टाळू लागलो. तरी पुढच्या आठवड्यात औषधाच्या दुकानाकडे निघालो तर त्यांच्या घराकडून धूळ येताना दिसली. विमलताईंचा पुतण्या अमर ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आला होता. तीन माणसं सब्बल लावून मागची खोली पाडत होती. भिंत अर्धी गेली होती, टिनं खाली रचून ठेवली होती. विमलताई नाकावर पदर धरून उभ्या होत्या, केस मातीने पांढरे झालेले.

"भाऊ!" त्यांनी लांबूनच हाक मारली. "आखणी करायले सरकारचे माणसं येतीन तं जागा साफ पाह्यजे म्हणते. अमर मोकळा हाय आता, मंग पेरणीत कोठं भेटते? म्हणलं, भाऊनं सांगतलंच हाय, कायले थांबा."

तेव्हासुद्धा वेळ होती. एक भिंत तरी वाचली असती. थांबवा, एवढा एकच शब्द हवा होता, आणि मी रोज पाच मिनिटं अखंड बोलणारा माणूस.

"उन्हाचं जपा," मी म्हणालो आणि औषधाच्या दुकानाकडे गेलो.

अंतिम यादी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात लागली. विमलताई स्वतः कार्यालयात गेल्या. माझ्या जुन्या खुर्चीवर आता अश्वजित नावाचा तरुण लिपिक बसतो. त्याने त्यांना खुर्ची दिली, यादी दाखवली, कारण समजावलं, मुदत गेल्याचं सांगितलं आणि वारस नोंद करून पुढच्या यादीसाठी पुन्हा अर्ज करा, असंही सांगितलं. मला महिनाभर जे जमलं नाही, ते त्याने दोन मिनिटांत केलं, आणि त्यात कुणाची शोभा झाली नाही.

तिथून त्या सरळ माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, आता सुटलो. आता बोलतील, ओरडतील, पाण्याची बाटली आपल्या समोर येईल. पण त्या पायरीवर बसल्या आणि पदराने घाम पुसत म्हणाल्या, "भाऊ, माहं नाव पह्यलेच खाली व्हतं म्हणते. आठ दिवसाची मुदत व्हती. तुमच्यापासूनही लपवलं पाहा त्याईनं. तुम्हाले माहीत असतं तं तुम्ही सांगतलंच असतं ना?"

एवढा सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "कार्यालयात चौकशी करतो."

"करा," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर राग नाही माहा." आणि गेल्या. रजनी आतल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

मे महिना आमच्याकडे कसा असतो ते यवतमाळच्या माणसाला सांगायला नको. विमलताई उरलेल्या एका खोलीत राहत होत्या. तिची एक बाजू उघडी पडली होती, तिथे टिनं आणि ताडपत्री उभी केलेली. दुपारी त्या लिंबाखाली बाज टाकून बसायच्या, कारण आत बसवत नसे. वामनराव एकदा घराचं काम कुठवर आलं ते पाहायला आले. ताडपत्री पाहिली, चहा घेतला आणि म्हणाले, "काही घाई नाही. घर होऊ द्या, मंग तारीख काढू." मोडलं असं कुणी म्हणालं नाही, पण वणीहून फोन येणं कमी झालं. हे सगळं मला गल्लीतूनच कळत होतं. गावच्या बातम्या मला कळतातच. मी रोज सात वाजता बोलत होतो आणि रोज वाटत होतं, ताडपत्रीपलीकडे शेजारणीच्या मोबाइलवर हा आवाज त्या ऐकत असतील, अजूनही पाठ करत असतील.

शेवटी एका रविवारी मी बातमी पाठवलीच नाही. सात वाजता ताडपत्रीसमोर जाऊन उभा राहिलो. विमलताई सुपात तूर पाखडत होत्या. अर्पिता सुटीला आलेली, केस विंचरत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. यादी खिशात होती, पोहे खाल्ले, मंगळवारी शाळेपर्यंत आलो होतो, शुक्रवारी ओट्यावर बसलो होतो, भिंत पडताना पाहिली. काही गाळलं नाही.

सूप थांबलं. 

"पोहे खाल्ले तवा कागद खिशात व्हता?"

"होता."

"दोन बश्या खाल्ल्या तुम्ही."

"हो."

"मले आंगणात बलावून सांगतलं असतं तं मी काय पाव्हण्यायसमोर रडली असती? अर्पिताचा बाप गेला त्या दिवशी बी मी पोराईची खिचडी उतरवून, वाढून, मंग घरी आली व्हती. मले जपलं म्हणता? मले नाही जपलं भाऊ. सोताच्या तोंडाले जपलं तुम्ही. वाईट बोलावं लागू नये म्हणून."

खरं होतं. इतक्या वर्षांची माझी माणुसकी त्या बाईने दोन वाक्यांत सोलून समोर ठेवली. मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली नाही आणि नाकारलीही नाही. अर्पिताने कंगवा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं, ते पाहणं मी अजून विसरलो नाही.

"वारसाचं काय ते करा आता," विमलताई म्हणाल्या आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

मी केलं. तलाठ्याकडे, कार्यालयात, दाखल्यासाठी, जिथे जिथे जावं लागलं तिथे गेलो. उन्हात रांगेत उभा राहिलो, अश्वजितच्या खिडकीसमोर इतरांसारखाच. नोंद व्हायला पाच आठवडे लागले. मग नव्या घरकुलाचा अर्ज तयार केला. पुढची यादी कधी लागेल ते कुणालाच माहीत नाही. वर्ष लागेल, दोन लागतील. वणीवाले तोवर थांबतील की नाही, हेही मला सांगता येत नाही, आणि यावेळी मी "होऊन जाईल" म्हणालो नाही.

अर्ज घेऊन मी त्यांच्याकडे गेलो तो दिवसही रविवारच होता. अर्पिता घरी होती. विमलताईंनी मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. सही कुठे करायची ते मी बोटाने दाखवलं.

"आधी वाचा," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, फोड करत, कठीण शब्दांचा अर्थ सांगत, जसं रोज सकाळी सांगतो तसं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, मधे एकदाही अडवलं नाही. वाचून झाल्यावर मी पेन पुढे केला.

त्यांनी पेन घेतला नाही. माझ्या हातातून अर्ज घेतला आणि अर्पिताला दिला.

"आता तू वाच," त्या म्हणाल्या.

अर्पिताने माझ्याकडे न पाहता वाचायला सुरुवात केली. तेच शब्द, त्याच ओळी. मी बाजेवर बसून होतो, आणि विमलताई प्रत्येक ओळ ऐकून मान हलवत होत्या. शेवटची ओळ संपल्यावर त्यांनी हात पुढे करून माझ्याकडून पेन घेतला आणि सही केली.